न सांगण्याची जागा

माकोआ फाटकापाशी जीपच्या बॉनेटवर बसला होता आणि त्याच्या मांडीवर बंदूक आडवी होती.

मी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. सकाळचं ऊन अजून तापायचं होतं. जीपच्या मागच्या भागात मारलेला एक रानटी बोकड पडला होता, म्हणजे बंदूक शिकारीची होती. हे कळत होतं, तरी मी नजर बंदुकीवरच ठेवली. चाळिशीचा, दाराएवढ्या खांद्यांचा हा माणूस याआधी दोनदा आमच्या मोजणीवाल्यांना परत पाठवून चुकला होता.

"माझ्याकडं कंपनीची परवानगी आहे," काच अर्धी खाली करून मी म्हटलं.

"आणि कंपनीकडं कुणाची आहे?" त्यानं विचारलं.

तो सावकाश खाली उतरला, त्यानं स्वतःच फाटक उघडलं आणि माझी गाडी शेजारून जाताना खिडकीशी वाकून म्हणाला, "जा. पण तिथं जे आहे ते तुला दिसलं, तर ते तुझ्यासाठी बरं नाही."

हवाईच्या मोठ्या बेटाचा तो पश्चिम किनारा. तिकडं पाऊस जवळजवळ नाहीच. डोंगरापासून समुद्रापर्यंत नुसता गोठलेला काळा लाव्हा, मधे मधे काटेरी झुडपं आणि त्यांत चरणाऱ्या शेळ्या. एका कंपनीला तिथं हॉटेल, बंगले आणि गोल्फचं मैदान करायचं होतं. बांधकामाआधी तिथल्या मूळ हवाईयन लोकांच्या देवस्थानांना, पुरलेल्या पूर्वजांना, मासेमारीच्या आणि मिठाच्या जुन्या वाटांना काय धक्का लागेल, ते तपासावं लागे. हे तपासणीचं काम डॉन प्रेस्कॉटच्या छोट्याशा कार्यालयाकडं होतं, आणि मी त्याच्याकडं नोकरीला. पुण्यात पुरातत्त्व शिकलेली, पाचगणीजवळच्या भिलारची मुलगी मी. काळा दगड मला नवा नव्हता. दगडी चौथरे मोजायचे, वाटा नकाशावर घ्यायच्या आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, हे माझं काम.

त्या म्हाताऱ्या माणसांत हॅना कहिकिना मुख्य. गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळा किनारा त्यांना आंटी म्हणायचा, म्हणून मीही. माकोआ त्यांच्या भावाचा मुलगा. रस्ते नव्हते तेव्हापासून त्यांचं घराणं त्या किनाऱ्यावर मासे धरत आलेलं. आंटी माझ्याशी मोकळेपणानं बोलत. कुठला मासा कुठल्या महिन्यात धरायचा नाही, मीठ कुठल्या खळग्यात साठतं, सगळं सांगत. पण पुरलेल्या माणसांचा विषय मी काढला की चष्मा काढून पुसू लागत आणि दुसरंच काही बोलत. त्यांच्याकडं माणसाचं सत्त्व हाडांत राहतं, असं मानतात. ती हाडं कुणाला सापडणार नाहीत अशी ठेवायची आणि जागा सांगायची नाही, यातच त्यांचा मान. त्यामुळं आमच्या अहवालाच्या मसुद्यात दक्षिणेच्या पट्ट्यापुढं "दफनं आढळली नाहीत" असं वाक्य होतं. त्या पट्ट्यातली ती माझी शेवटची फेरी. सोबतचा सहकारी तापानं पडला होता, म्हणून मी एकटीच गेले.

एका जुन्या पायवाटेचा फोटो घ्यायला मी पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि चार पावलं मागं सरकले. पायाखाली खापरी फुटावी तसा आवाज झाला. पुढचं मला सलग आठवत नाही. कमरेला काहीतरी घासलं, हात वर गेले, प्रकाश एकदम लहान झाला.

भानावर आले तेव्हा तोंडात राख होती आणि उजवा घोटा भलत्याच दिशेला वळलेला. वर, दोन पुरुष उंचीवर, मी पडले तो भोसका. त्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरला होता. काय झालं ते मला लगेच कळलं. वाहत्या लाव्हावर वरून साय धरते, आतला रस वाहून जातो आणि मागं बोगदा उरतो. त्या बेटावर असे कितीतरी बोगदे आहेत. मी एकाच्या छतावर उभी होते.

मी हाका मारल्या. घसा सुकेपर्यंत मारल्या. आवाज बोगद्यात लांब जाऊन विरायचा आणि प्रत्येक हाकेनंतर छतातून बारीक खडे गळायचे. दोनदा माझ्या खांद्यावर पडले, तेव्हा मी हाका थांबवल्या. पाण्याची बाटली वर पिशवीत. फोनला त्या भागात कधीच रेंज नसे.

मग डोळे अंधाराला सरावले आणि मला ती दिसली.

भिंतीला लागून एका होडीचा अर्धा भाग होता, झाडाच्या खोडातून कोरलेला. त्यात सालीच्या कापडात गुंडाळलेली हाडं. होडीपलीकडं आणखी गाठोडी होती, एकापुढं एक, उजेड संपेपर्यंत. आणि माझ्या डाव्या हाताजवळ, अगदी हाताजवळ, एक लहान गाठोडं. माझ्याबरोबर पडलेल्या दगडानं त्याचं कापड फाटलं होतं. आत काडीएवढ्या जाडीच्या बरगड्या होत्या.

मी हात मागं घेतला तो छातीशीच धरून ठेवला. त्याआधी मी हाडं पाहिली नव्हती असं नाही. खड्ड्यात उतरून, कुंचल्यानं साफ करून, मोजून पाहिली होती. पण ती सापडलेली हाडं असत. इथं मी त्यांच्या घरात छप्पर फोडून पडले होते. माझे वडील गेले तेव्हा वाईला कृष्णेत त्यांच्या अस्थी मी सोडल्या होत्या. आपल्याकडं माणसाचं असं काही उरतच नाही की ज्याच्यासमोर एवढं घाबरावं. इथं सगळी उरलेली होती, आणि मला वाटत होतं, सगळी माझ्याकडं बघताहेत.

मग वरचा प्रकाश झाकला गेला. माकोआचं डोकं आणि खांदे.

"माकोआ, मी इथं आहे," मी ओरडले. "पाय मोडलाय माझा."

तो माझ्याकडं बघतच नव्हता. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं, होडीवर होती. तोंड किंचित उघडं. मी पुन्हा त्याचं नाव घेतलं. क्षणात प्रकाश परत आला, म्हणजे तो गेला. लाव्हावर धावत्या पावलांचा खापऱ्या फुटल्यासारखा आवाज लांब लांब गेला, आणि बऱ्याच वेळानं फाटकाच्या बाजूला जीप सुरू झाल्याचं ऐकू आलं.

मला भीती म्हणजे काय ते तेव्हा कळलं. आधीची होती ती मेलेल्यांची. ही जिवंत माणसाची होती, आणि ती हिशेबी होती. सकाळचे त्याचे शब्द मला आठवले. त्याला काही करायचीसुद्धा गरज नव्हती. बंदूक नको, काही नको. माझी पिशवी उचलून नेली की झालं. त्या एवढ्या काळ्या पसाऱ्यात मला शोधणार कोण आणि कुठं? मी इथंच राहिले तर ही जागा होती तशी गुपित राहणार होती. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा विचार मनात आला आणि त्याचं उत्तर मला आवडलं नाही.

उन्हाचा खांब भिंतीवर चढू लागला. घोटा सुजून बुटात मावेना. एकदा छतातून हातभर लांबीचा तुकडा सुटून माझ्या पायापाशी फुटला, आणि मला जाणवलं की मी रडतेय, पण आवाज न करता, छत पडेल या धास्तीनं. मग मी बोलायला लागले. का, ते ठाऊक नाही. हळू आवाजात, मराठीत. मी हेमांगी, दत्ताजी भिलाऱ्यांची मुलगी, भिलारची. मी मुद्दाम आले नाही. तुमचं कापड माझ्यामुळं फाटलं. मला इथं मरायचं नाही. हेच पुन्हा पुन्हा. परक्या घरात चुकून शिरलेल्या माणसानं सांगावं तसं मी सांगत राहिले.

तेवढ्यात पावलं ऐकू आली. वरून नाही. आतून.

बोगद्याच्या ज्या टोकाला नुसता काळोख होता, जिथून कुणी येऊ शकतं हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, तिथून पावलं येत होती. सावकाश. सोबत एक खालच्या पट्टीतला आवाज, गाणं नव्हे, बोलणंही नव्हे, एका सुरात चाललेलं. गाठोड्यांच्या रांगेवर कुठून तरी उजेड डोलू लागला. मी डोळे घट्ट मिटले. लहानपणी ताप चढला की मिटायची तसे. आवाज जवळ आला, थांबला. मग माझ्या कपाळावर हात पडला आणि तो कोमट होता.

"पोरी, जिवंत आहेस ना?"

हॅना आंटी होत्या. गळ्यातल्या साखळीला चष्मा लोंबत होता, हातात टॉर्च. गुडघ्यांपर्यंत धूळ. त्यांच्या मागं माकोआ, मान खाली घालून. टॉर्च त्यानं फक्त स्वतःच्या पायांवर धरला होता.

त्यांनी मला पाणी पाजलं, माझा घोटा पाहिला. मग माझ्यासमोर दगडावर बसल्या.

"आधी ऐक," त्या म्हणाल्या. "आम्ही तुला बाहेर नेणार आहोत. तू काहीही उत्तर दिलंस तरी नेणार आहोत. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू घाबरून बोलणार नाहीस."

मी मान हलवली.

"तू हे लिहिणार का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांनी मला आधीच सोडून दिलं होतं. मग खोटं बोलायला तोंड उरलं नाही. मी म्हटलं, "इथं माणसं आहेत, हे लिहीन. नाही लिहिलं तर यंत्रं येतील. कंपनीचा रस्ता नकाशावर या बाजूनंच आखलाय. कुठं आहेत, ते मात्र लिहिणार नाही."

"ते विचारतील."

"हो."

"मग?"

"मला माहीत नाही, आंटी. मला भीती वाटते."

"मलाही," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं, ते मला एवढ्या महिन्यांत कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याच्या घराण्याचीही अशीच एक गुहा होती, बेटाच्या दुसऱ्या अंगाला. घरच्यांनी विश्वासानं ती तपासणीवाल्यांना दाखवली. अहवाल गोपनीय म्हणून कपाटात बंद झाला. वर्ष उलटायच्या आत गुहेतल्या कवट्या नाहीशा झाल्या. कुणी नेल्या, कुणाला विकल्या, पत्ता लागला नाही. नवरा त्या धक्क्यातून उठला नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी अंगातलं सुती जाकीट काढलं आणि त्या लहान गाठोड्यावर पसरलं, कडा नीट खाली खोचल्या. "हिचं नाव मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दोर टाकून मला भोसक्यातून वर ओढणं शक्य नव्हतं. कडा ठिसूळ होती. वजन पडलं असतं तर सगळं छत त्या गाठोड्यांवर आलं असतं. म्हणून खऱ्या वाटेनं न्यावं लागलं. माकोआनं मला पाठीवर घेतलं. आंटी पुढं, मधेच थांबून कुणाकुणाला काही पुटपुटत. माझे डोळे त्यांनी बांधले नाहीत, मीट असंही म्हटलं नाही. कुठं वाकायचं, कुठं वळायचं, तोंड कशाआड आहे, सगळं मी पाहिलं.

जीपमध्ये बंदूक कुठंच दिसत नव्हती. डांबरी रस्ता लागला तेव्हा मी म्हटलं, "मला वाटलं, तू मला मरायला सोडून गेलास."

"तसलं काही मला सुचलंच नाही," तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "मी पळालो. भ्यालो म्हणून पळालो, ते थेट आंटीकडं. पोरवयापासून त्या फाटकावर बसतोय. काय राखतोय, ते मी आज पहिल्यांदा पाहिलं."

मागच्या सीटवर आंटी डोळे मिटून बसल्या होत्या. तेव्हा, आणि पुढं आंटींच्या बोलण्यातून, मला त्या दिवसाचा खरा अर्थ कळला. जागा घराण्यात एकाच माणसाला ठाऊक असायची. त्यानं मरणाआधी ती पुढच्या एकाला सांगायची. आंटींना त्यांच्या वडिलांनी सांगितली होती. पुढं कुणाला, हे त्यांचं ठरलं नव्हतं. माकोआ तापट म्हणून त्यांनी त्याला बाजूला ठेवलं होतं. माझ्या एका पडण्यानं ती जागा एका दुपारी दोघांना कळली होती, आणि त्यातली एक परकी होती. मला तिथंच ठेवलं असतं तर हे टळलं असतं, हे त्या बाईंच्या मनात आलं नसेल असं मी म्हणत नाही. तरी त्या आल्या.

पायाला प्लास्टर असतानाच मी अहवाल पूर्ण केला. दक्षिणेच्या पट्ट्यात मानवी दफनं आहेत, मी स्वतः पाहिली आहेत, घराण्याच्या इच्छेनुसार जागा देत नाही. डॉननं तो वाचून दार लावून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. जागा दाखव, तिच्याभोवती कुंपण घालू, विषय संपला, असं त्यानं मला बऱ्याच परीनं समजावलं. शेवटी म्हणाला की माझा व्हिसा त्याच्या कार्यालयाच्या नावावर आहे, हे मी विसरू नये.

अहवालावर सरकारी समितीपुढची सुनावणी गावातल्या सभागृहात झाली. कंपनीचा वकील अतिशय सभ्य होता. त्यानं मला पाणी दिलं, पायाची चौकशी केली आणि मग विचारलं, जागा मला ठाऊक आहे का.

"ठाऊक आहे."

"नकाशावर दाखवता का?"

"नाही."

समितीच्या अध्यक्षांनी समजावलं, की जमिनीच्या मालकाला ते कळण्याचा हक्क आहे, आणि नकाराचे परिणाम माझ्यावर होतील. मी टेबलाची कड धरून ठेवली होती. नोकरी जाणार हे दिसत होतं. खटला भरतील, अटकही करतील, असंच मला वाटत होतं. परक्या देशात, आपलं कुणी नाही अशा खोलीत, मला भिलारच्या घराची इतकी आठवण आली की डोळे भरले. मी पुन्हा "नाही" म्हटलं.

मग हॅना आंटी उठल्या. शाळेत प्रार्थनेनंतर बोलत असतील, तशा आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडं एक ठिपका मागताय. ठिपक्याभोवती कुंपण घातलं की चोराला जागा शोधत बसावी लागत नाही. आम्ही ठिपका देणार नाही. समुद्रापासून रस्त्यापर्यंत सगळा पट्टा सोडा. आमची माणसं त्यात कुठंतरी आहेत, एवढं तुम्हाला पुरे."

त्या दिवशी निकाल लागला नाही. प्रकरण पुढं कितीतरी काळ चाललं. शेवटी कंपनीनं उत्तरेला बांधलं आणि दक्षिणेचा पट्टा तसाच राहिला. पण ते पाहायला मी तिथं नव्हते. डॉननं मला महिनाअखेरीस मोकळं केलं. खटला कुणी भरला नाही. मी पुण्याला परतले, एका कॉलेजात शिकवू लागले. घोटा थंडीत अजून दुखतो.

आंटी गेल्याचं माकोआनंच फोन करून कळवलं. "आता फक्त तू आणि मी," तो म्हणाला होता. त्या वाक्यानं माझी झोप उडाली. पुढची कित्येक वर्षं मला एकच भीती असे. त्याला काही झालं तर? त्या बेटापासून अर्ध्या पृथ्वीवर, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणारी मी एकटीच उरले तर? कुणाला सांगायचं मी, आणि कुठल्या अधिकारानं? शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकदा भूल चढताना मी डॉक्टरांना विचारलं होतं, की या गुंगीत माणूस काही बोलतो का. मी नवऱ्याला सांगितलं नाही. मुलाला नाही. इथंही सांगितलेलं नाही. वाटा, वळणं जिथं आली तिथं मी ती गाळली आहेत.

मागच्या वर्षी माकोआचा फोन आला. आवाज म्हातारा झाला होता. तो क्वचितच फोन करी, म्हणून मी वाईट बातमीच धरून चालले. पण तो सहज हवापाण्याचं बोलला, शेळ्या फार वाढल्यात म्हणाला. मग म्हणाला, "काल माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो आत. घाबरली. पण पळाली नाही."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आता तू विसरलीस तरी चालेल," तो म्हणाला.

"प्रयत्न करते," मी म्हटलं.